हरितगृहातील काकडीचे सलग पीक

एकाच हरितगृहातील त्याच मातीत हंगामामागून हंगाम काकडीच घेत राहणे म्हणजे काकडीचे सलग पीक होय. मुंबईतील हॉटेलांना आणि दादर-भायखळ्याच्या भाजीबाजारांना लागणारी बिनबियांची, गुळगुळीत सालीची काकडी प्रामुख्याने पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकने झाकलेल्या हरितगृहात, पिकते. परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या या वाणांचे पीक साधारण तीन-साडेतीन महिन्यांत आटोपते, त्यामुळे वर्षात दोन-तीन पिके बसतात. उभारणीचा मोठा खर्च वसूल व्हायचा असल्याने मधे कमी भावाचे पीक घेणे शेतकऱ्याला जड जाते.

सुरुवातीची पिके जोमदार येतात. पुढे तेवढ्याच खतपाण्यावर वेलाची वाढ खुंटते, पांढरी मुळे कमी होतात, फळे वाकडी निघतात आणि तोडे लवकर संपतात. दोष बियाण्याला दिला जातो, पण कारण बहुधा मातीत असते.

सर्वांत घातक जोडी सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म कृमी) आणि वेल कोमेजवून मारणाऱ्या मर रोगाची. सूत्रकृमींमुळे मुळांवर गाठी येतात आणि त्या जखमांतून मर रोगाची फ्युजॅरिअम बुरशी सहज शिरते; ही बुरशी पीक नसतानाही जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपाने मातीत वर्षानुवर्षे तग धरते. टोमॅटोवरही मुळांवर गाठी करणारे हेच सूत्रकृमी पोसले जात असल्याने काकडीनंतर टोमॅटो लावून त्यांचा बंदोबस्त होत नाही. शिवाय काकडीची मुळे व कुजणारे अवशेष सिनॅमिक आम्लासारखी द्रव्ये सोडतात. ती साचली की पुढच्या काकडीच्याच मुळांची अन्नद्रव्ये शोषण्याची क्षमता घटते आणि मर रोगाला वाट मिळते.

क्षारांचे दुखणे छपरामुळे वाढते. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मात्र असा पाऊस पॉलिहाऊसच्या मातीला कधीच धुऊन काढत नाही, म्हणून ठिबकातून दिलेल्या खतांचे क्षार वरच्या थरात राहतात. क्षारांचे प्रमाण दाखवणारी, मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता सुमारे 2.5 डेसिसायमन प्रतिमीटरपलीकडे गेली की पुढील प्रत्येक एककामागे काकडीचे उत्पादन अंदाजे 13 टक्क्यांनी घटते.

उपायांत जुनी मुळे उपटून बाहेर नेणे, भर उन्हाळ्यात ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरणे, निंबोळी पेंड व ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना आवरणारी उपयुक्त बुरशी) देणे, तसेच कांदा-लसणाची फेरपालट यांचा समावेश होतो. चीन व जपानमध्ये भोपळावर्गीय खुंटावर (मुळांसाठी वापरलेल्या रोपावर) काकडीचे कलम करण्याची पद्धत रुळली आहे. हे खुंट मर रोगाला दाद देत नाहीत, सूत्रकृमींपासून मात्र बहुतेक खुंट सुटत नाहीत. माती फारच बिघडल्यास पिशव्यांतील कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) लागवड केली जाते.