प्रथिनं तोडणारी विकरं आणि त्यांचा लगाम

जून बोकडाचं मटण लवकर शिजेना, म्हणून बेळगाव-निपाणीकडे त्याला कच्च्या पपईचा कीस चोळतात. पपईच्या चिकातलं पपेन हे विकर (एन्झाइम) मांसातली प्रथिनं तोडतं. कीस जास्त वेळ राहिला की फोडींचा लगदा झालाच. मग असलीच विकरं पोटात बाळगून आपलं पोट शाबूत कसं राहतं? या विकरांच्या शोधातला सगळ्यात रंजक भाग मला तरी हाच वाटतो.

१७५२ मध्ये फ्रान्सच्या रेओम्युरनं पाळीव घारीला जाळी लावलेल्या धातूच्या नळीतून मांस गिळायला दिलं. घारीनं ओकलेल्या नळीतलं मांस बरंचसं विरघळलेलं होतं. नळीत दळायला तर वावच नव्हता, म्हणजे पोटातल्या रसानंच ते विरघळवलं होतं. १८३६ मध्ये श्वाननं जठरातल्या त्या द्रव्याला पेप्सिन नाव दिलं.

लगाम सापडला तो १८७५ मध्ये. हायडेनहाइनला ताज्या स्वादुपिंडात ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर मिळालं ते निष्क्रिय रूपात. ते आतड्यात पोचल्यावर तिथलंच एक विकर त्याला जागं करतं, हे १८९९ मध्ये पावलॉव्हच्या प्रयोगशाळेत कळलं. वाटेतच जागं झालं तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. असं होऊ शकतं, हे कियारीनं १८९६ मध्येच मांडलं होतं. दारू आणि पित्ताचे खडे ही त्यामागची नेहमीची कारणं.

पण तोडफोड काही पोटापुरतीच नसते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींतलं इलॅस्टेज हे विकर जंतूंशी लढताना फुफ्फुसाची लवचीक जाळीही खातं. त्याला आवरतं यकृतात तयार होणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. काहींच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच, आणि अशांना फुफ्फुसाचा आजार जडतो, हे स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्ये दाखवलं. ज्यांच्यात ते भरपूर असतं, त्यांच्यातही तंबाखूचा धूर ते निकामी करतो. १९८१ च्या आंदोलनात निपाणीच्या शेतकऱ्यानं तंबाखूला भाव मागितला, तो रास्तच होता. त्याच तंबाखूच्या विडीचं हे दुसरं खातं.

पेशीच्या आतली जुनी प्रथिनं कोण मोडतं? १९५५ मध्ये द डूव्हनं लायसोसोम, म्हणजे पेशीतली विकरांनी भरलेली पिशवी, दाखवल्यावर बरीच वर्षं सगळं काम त्याच्याच नावावर जमा होत राहिलं. पुढं हर्श्को, चिखानोव्हर आणि रोझ यांनी उलगडलं, की मोडायच्या प्रथिनाला आधी युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते. तशी खूण असलेली प्रथिनं प्रोटिअसोम हे पेशीतलं तोडणी-यंत्र तोडतं. हेच प्रोटिअसोम रोखणारं बोर्टेझोमिब हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत मायलोमा या कर्करोगावर मंजूर झालं. त्या तिघांना नोबेल मिळालं ते त्याच्या पुढच्या वर्षी.