℘ : दाखल्यावर चुकलेलं नाव

गणितातल्या इलिप्टिक फंक्शनचा पेपर टाइपिंगला आला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्याचा हात अजूनही एकाच चिन्हापाशी थबकतो: ℘. सरांच्या हस्तलिखितात ते शेपटीला गाठ मारलेल्या पीसारखं दिसतं. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधल्या एका गणितज्ञाने आपल्या फंक्शनसाठी ते वापरलं, आणि चिन्हालाही त्याचं आडनाव चिकटलं: वायरस्ट्रास. खिळे जुळवायच्या काळाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. लक्ष्मीपुरीतल्या छापखान्याच्या केसमध्ये असला खिळा कुठून असणार?

खरी कटकट पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या दिवसांतली. तेव्हाच्या सिम्बॉल फाँटमध्ये ℘ हे १९५ क्रमांकाच्या घरात बसवलेलं होतं. नेहमीच्या रोमन फाँटमध्ये त्याच घरात डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ए असतो. म्हणजे फाईलमध्ये चिन्ह नव्हतंच, नुसता घर क्रमांक होता; फाँट जागेवर असला तर ℘, फाँट उडाला की ए. मराठी मजकुराचीही तीच गत होती. दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की अख्खा परिच्छेद रोमन अक्षरांचा चुरा. एका प्रश्नपत्रिकेच्या ट्रेसिंगवर तो नागमोडी ए मी सहा ठिकाणी पाहिलाय, आणि प्लेट त्याच रात्री करायची होती.

युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या जागतिक मानकाने, प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला आणि हा घोळ संपला. ℘ ला मिळाला २११८ (हा सोळाच्या पायातला, आपल्या दशमान मोजणीत ८४७२). पण बारशातच गडबड झाली. नाव पडलं ‘स्क्रिप्ट कॅपिटल पी’, म्हणजे वळणदार मोठा पी. चिन्ह मोठ्या लिपीतलं नाहीच. तो छोटा पी आहे, तोही खास घडणीचा. वेबपानांची भाषा असलेल्या एचटीएमएलच्या १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत ‘वायरपी’ हे त्याचं संक्षिप्त नाव बरोबर आलं, पण शेजारच्या टिपेत तेच चिन्ह पॉवर सेटचंही म्हटलं गेलं. उपसंचांच्या संचासाठी वळणदार मोठा पी शोधणाऱ्याच्या हाती ℘ पडायला तेवढं पुरे झालं.

मग नाव बदललं का नाही? आपल्याकडे मास्तरांनी दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली की माणूस त्याच तारखेच्या हिशेबाने निवृत्त होतो, तसंच हे. एकदा दिलेलं नाव कधीही बदलायचं नाही, असा युनिकोडचा नियम आहे, कारण त्या नावांवर विसंबून प्रोग्राम लिहिलेले असतात. नियम मला पटतो. त्यावर काढलेला तोडगा मात्र अर्धवट वाटतो. सातबाऱ्यावर ‘ऊर्फ’ लावतात तसं ‘वायरस्ट्रास इलिप्टिक फंक्शन’ हे अधिकृत दुसरं नाव जोडलं, आणि तक्त्यात खुलासा केला की नाव काहीही असलं तरी आकार छोट्या पीचा आहे. पण इन्सर्ट सिम्बॉलच्या खिडकीत ऑपरेटरला बहुतेक वेळा पहिलंच नाव दिसतं. तक्ता कोण उघडून बघतो?

चूक मान्य झाल्याचा सगळ्यात ठोस पुरावा २००१ चा आहे. त्या वर्षी युनिकोडमध्ये गणिती अक्षरांचा मोठा संच आला. वळणदार मोठ्या अक्षरांच्या ओळीत बी, ई, एफ, एच, आय, एल, एम, आर यांची घरं रिकामी ठेवली, कारण ती अक्षरं आधीच जुन्या घरांत होती. पीचं घर मात्र भरलं: १डी४एबी. नावाप्रमाणे २११८ हाच मोठा पी असता तर हे घरही रिकामं राहायला हवं होतं.

तरी कामाची अडचण उरतेच. युनिकोडचे क्रमांक फाईलमध्ये साठवायच्या युटीएफ-८ या पद्धतीत खरा मोठा पी चार बाइट घेतो, ℘ तीनच. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जुन्या ‘युटीएफ८’ मध्ये चार बाइटचं अक्षर मावतच नाही. त्यामुळे प्रश्नसंच अशा डेटाबेसात भरायचा झाला की खरा पी अडतो आणि चुकीचा ℘ सुखरूप जातो. मग ऑपरेटर कोणता निवडणार?

प्रोग्रामिंगमध्येही एक शेपूट राहिलंय. ℘ ची गणना आधी अक्षरांत व्हायची, पुढे ती गणिती चिन्हांत गेली. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून त्याला नावात चालणाऱ्या चिन्हांच्या एका खास यादीत ठेवलं. त्यामुळे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आजही चलाचं नाव म्हणून नुसतं ℘ लिहिलं तर चालतं. अधिक-उण्याला ती सवलत नाही. टेक या गणिती मजकूर जुळवायच्या प्रणालीवर काम करणाऱ्यांना यातलं काहीच भोगावं लागत नाही. ते बॅकस्लॅश, डब्ल्यू, पी एवढं दाबतात आणि पुढच्या ओळीला लागतात.