पट्टे दिसले म्हणून रणगाडा नव्हे

दर २६ जानेवारीला गावच्या ग्रुपवर पट्टेवाल्या गाडीचा फोटो येतो, खाली ‘आपला रणगाडा!’. चाकांऐवजी साखळीसारखे फिरणारे पट्टे असले की रणगाडाच, हा समज जुना आहे आणि तसं वाटणं साहजिकही आहे.

पण पट्ट्यांचं काम वजन पसरवणं. १९६० पासून वापरात असलेली एम-११३ ही अमेरिकी चिलखती गाडी घ्या. वजन साधारण १२ टन. एक पट्टा ३८ सेंमी रुंद, जमिनीला टेकतो सुमारे २६७ सेंमी. स्वतःच गुणाकार करा: दोन्ही मिळून वीस हजार चौरस सेंमी, म्हणजे दर चौरस सेंमीला जेमतेम ०.६ किलो. पावसाळ्यात काळ्या वावरात रुतलेला ट्रॅक्टर ज्यानं ओढून काढलाय, त्याला याचं मोल सांगायला नको.

ही गाडी लढायला कमी, माणसं न्यायला जास्त. आत ११ जवान, मागं खाली पडणारा दरवाजा. चिलखत ॲल्युमिनियमचं, ते रायफलच्या गोळ्या नि छर्रे अडवतं, रणगाड्याचा गोळा नाही. वर १२.७ मिमीची मशीनगन. टी-७२ रणगाड्याची तोफ १२५ मिमीची, वजन ४० टनांवर.

म्हणून फोटोत आधी तोफेची नळी किती जाड ते पाहा, मग मागची बाजू. मागं दरवाजा म्हणजे बहुधा जवानांची गाडी (इस्रायलचा मर्कावा रणगाडा अपवाद). सगळ्यात फसवते ती बीएमपी-२ ही जवानांची चिलखती गाडी: फिरता बुरूज आहे, तोफही आहे, पण ३० मिमीची, आणि मागच्या दोन दरवाजांतून सात जवान उतरतात.