पाळत ठेवणाऱ्या सरकारांच्या कादंबऱ्या आल्या कुठून?

कुठे नवे कॅमेरे बसले किंवा फोन टॅप झाल्याची बातमी आली की कोणीतरी म्हणतंच, '१९८४' ही कादंबरी लिहिणाऱ्या इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने हे आधीच सांगून ठेवलं होतं. मला हे अजिबात पटत नाही. भविष्य सांगितलं म्हटलं की त्या लेखकांनी स्वतः काय सोसलं ते बाजूलाच राहतं, आणि या कादंबऱ्या तर तिथूनच आल्यात.

ऑर्वेलच्याही आधी येवगेनी झाम्यातिन. हा रशियन, जहाजं बांधणारा इंजिनियर, तरुणपणी बोल्शेविक, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाचा, १९०५ च्या क्रांतीत झारच्या पोलिसांनी पकडून तुरुंगात टाकलेला. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला रशियासाठी बर्फ फोडणारी जहाजं बांधून घेत होता, १९१७ ला परत गेला आणि १९२०-२१ च्या सुमारास त्याने 'आम्ही' लिहिली. त्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, घरं काचेची, पडदा ओढायचा तर चिठ्ठी लागते, तीही ठरलेल्या तासापुरतीच, आणि घास किती वेळा चावायचा हेसुद्धा सरकारनेच ठरवलेलं, पन्नास वेळा! वाचताना अतिशयोक्ती वाटते, पण कामगारांच्या हालचाली स्टॉपवॉच लावून मोजणाऱ्या अमेरिकन फ्रेडरिक टेलरची पद्धत तेव्हा खरंच गाजत होती, ती शिका असं खुद्द लेनिन १९१८ मध्ये सांगत होता, आणि झाम्यातिनने कादंबरीत टेलरचं नाव सरळ घेतलंय.

१९२२ मध्ये नव्या बोल्शेविक सरकारनेही त्याला अटक केली आणि टाकलं कुठे, तर झारने टाकलं होतं त्याच तुरुंगात. पुस्तक मायदेशी छापूच दिलं नाही, १९२४ ला न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत आलं. शेवटी १९३१ मध्ये त्याने थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि १९३७ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. रशियात 'आम्ही' छापून यायला १९८८ उजाडलं.

ऑर्वेलचं जरा वेगळं, कारण तो आधी पाळत ठेवणाऱ्यांच्या बाजूला होता. जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीचा, वडील सरकारच्या अफू खात्यात, आणि हा स्वतः १९२२ ते २७ ब्रह्मदेशात इंग्रजांचा पोलीस अधिकारी. मग स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेला तर १९३७ च्या जूनमध्ये ज्या पक्षाच्या तुकडीत तो होता तो पक्षच बेकायदा ठरला, बार्सिलोनातल्या हॉटेलात बायको खोलीत असताना पोलीस घुसले आणि याच्या डायऱ्या, कागदपत्रं उचलून नेली, दोघं कसेबसे फ्रान्समध्ये निसटले. जी लढाई झालीच नाही तिच्या बातम्या पेपरात येतात हे त्याने तिथेच पाहिलं. पुढे १९४१ ते ४३ बीबीसीवर भारतासाठीचे कार्यक्रम केले, तिथे प्रत्येक स्क्रिप्ट सेन्सॉरकडून पास होऊन यायची. याच काळात लंडनच्या पोलिसांची त्याच्यावर फाईल होती, आणि त्यात तो ऑफिसात कपडे कसे घालतो इथपर्यंत नोंद आहे. 'आम्ही' त्याने फ्रेंच भाषांतरातून वाचली, १९४६ च्या जानेवारीत तिच्यावर लिहिलं, आणि ८ जून १९४९ ला '१९८४' बाहेर आली.

त्यात पार्सन्स नावाच्या साध्या, सरकारवर जीव टाकणाऱ्या माणसाला त्याची स्वतःची लहान मुलगी पकडून देते. मला त्यातल्या घराघरात माणसांवर नजर ठेवणाऱ्या टीव्हीसारख्या पडद्यांपेक्षा हा भाग जास्त छळतो. पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये पूर्व जर्मनीत श्टाझी हे गुप्त पोलीस खातं सुरू झालं, १९८९ पर्यंत त्यात सुमारे ९१,००० पगारी माणसं होती आणि गुपचूप खबर देणारे सामान्य नागरिक त्याहूनही जास्त. तिथे '१९८४' जवळ बाळगली म्हणून लोकांना तुरुंगवास झालाय. राजवट कोसळल्यावर १९९२ पासून ज्याला त्याला आपली फाईल मागून वाचता यायला लागली, तेव्हा कित्येकांना कळलं की खबर देणारा आपलाच मित्र होता, सहकारी होता, आणि काही बायकांच्या बाबतीत तर नवरा.