कस्टम्स युनियन आणि सिंगल मार्केट : ब्रिटनने नेमकं काय काय सोडलं?

ब्रेक्झिटचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : ब्रिटन आणि युरोपीय संघात शून्य आयातशुल्काचा करार झालाय, मग माल सीमेवर अडतो कशापायी? प्रश्न रास्त आहे. ब्रिटन १ जानेवारी २०२१ला एकदम दोन व्यवस्थांमधून बाहेर पडला आणि २४ डिसेंबर २०२०ला ठरलेल्या त्या कराराने प्रामुख्याने एकीचीच भरपाई केली, तीही अर्धवट.

कस्टम्स युनियन हा शुल्काचा मामला. सभासद देश एकमेकांच्या मालावर शुल्क घेत नाहीत आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांचा दर एकच. युरोपात हे १९६८पासून चालू आहे. मोबदल्यात देशाला आपल्यापुरते शुल्ककरार करता येत नाहीत, ते सगळ्यांच्या वतीने ब्रुसेल्स करतं. सिंगल मार्केट १९९३चं, आणि तो नियमांचा मामला : दुधाची तपासणी, औषधाची मान्यता, विमा विकण्याचा परवाना, दुसऱ्या देशात नोकरी करण्याचा हक्क.

या दोन्ही गोष्टी सुट्या असू शकतात. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे, कस्टम्स युनियनमध्ये नाही. त्यामुळे नॉर्वेचा माणूस बर्लिनमध्ये खुशाल नोकरी धरतो, पण स्वीडनच्या हद्दीवर ट्रकला जकातीचे कागद दाखवावे लागतात. तुर्कस्तानचं बरोबर उलटं. तिथल्या कारखान्यातला फ्रिज शुल्क न भरता युरोपात जातो, इस्तंबूलच्या तरुणाला मात्र व्हिसा काढावा लागतो.

ब्रिटनमध्ये शुल्काचा त्रास उरला तो मालाच्या मूळ देशावरून. शून्य शुल्क फक्त ब्रिटनमध्ये किंवा संघात बनलेल्या मालाला, तेही अटींसह. मार्क्स अँड स्पेन्सरच्या ‘पर्सी पिग’ गोळ्या जर्मनीत बनायच्या, ब्रिटनमध्ये यायच्या आणि तिथून आयर्लंडच्या दुकानांत जायच्या. युरोपातच बनलेल्या त्या गोळ्यांवर युरोपात परतताना शुल्क लागण्याची वेळ आली.

खरा घाव बसला तो सिंगल मार्केट सुटल्याचा. जानेवारी २०२१मध्ये हूक ऑफ हॉलंड बंदरात डच अधिकाऱ्यांनी ब्रिटनहून आलेल्या ट्रकचालकांची हॅम सँडविचेस काढून घेतली, तो प्रसंग टीव्हीवर जगाने पाहिला. त्यात शुल्काचा काही संबंध नव्हता. प्रवाशांनी संघाबाहेरून सोबत मांस आणि दूध आणायला मनाई, एवढाच नियम. वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीतल्या शिंपल्यांवर तर संकटच कोसळलं. तिथलं पाणी ‘ब’ वर्गातलं, म्हणून शिंपल्या खाण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध कराव्या लागतात. हे काम युरोपात पोचल्यावर व्हायचं. संघाबाहेरच्या देशातून मात्र अशा जिवंत शिंपल्या आत घेतच नाहीत. पाणी तेच, शिंपल्या त्याच, आणि वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक एका रात्रीत तुटलं. सार्वमताच्या प्रचारात या कष्टकऱ्यांना हा फरक कुणी नीट समजावून सांगितला नाही, याचा मला आजही संताप येतो.

आपल्याला हा फरक हापूसवरून पटकन कळेल. भारतातून आलेल्या काही मालात फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४पासून आपला आंबा बंद केला आणि ऐन हंगामात ब्रिटनमधल्या मराठी घरांतही हापूस मिळेना. बंदी उठली २०१५च्या जानेवारीत. ती नियमांची, म्हणजे सिंगल मार्केटच्या बाजूची गोष्ट. उलट २४ जुलै २०२५ला भारत आणि ब्रिटनने व्यापार करार केला, स्कॉच व्हिस्कीवरचं शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं, ती शुल्काची बाजू. कस्टम्स युनियनमध्ये असताना ब्रिटनला असा करार एकट्याने करताच आला नसता.

मजूर पक्षाचं सरकार दोन्ही व्यवस्थांमध्ये परतायचं नाही असं म्हणत आलंय. तरी १९ मे २०२५च्या लंडन परिषदेत अन्न, प्राणी आणि वनस्पतींच्या तपासण्या कमी करण्यासाठी युरोपशी करार करायचं ठरलं. शुल्काचा त्याच्याशी संबंध नाही, तो नियमांचाच एक तुकडा आहे. त्या बदल्यात युरोपचे अन्नविषयक नियम बदलतील तसे ब्रिटनला पाळावे लागतील, आणि ते बनवताना ब्रिटनला मत नसेल.