नमस्कार कोणी करायचा?

‘नम्’ म्हणजे वाकणे, त्यावरून ‘नमस्कार’. व्युत्पत्ती एवढ्यावर आटपते. पुणे शहराशी या शब्दाचा खरा संबंध येतो तो पेशवाईत, आणि तिथे भांडण अर्थाचे नाही, हक्काचे आहे.

त्या काळी भेटल्यावर काय म्हणायचे हे जात ठरवी. ब्राह्मण नमस्कार करत, मराठे-कुणबी रामराम किंवा दंडवत घालत, महाराने जोहार म्हणायचा. पत्राच्या मायन्यातही तेच. जुने कागद चाळणाऱ्याला नाव वाचायच्या आधी मायन्यावरूनच लिहिणाऱ्याचा बराचसा अंदाज येतो.

मुंबईतले सोनार नमस्कार करू लागले, तेव्हा हा त्यांचा अधिकार नाही अशी तक्रार ब्राह्मणांनी कंपनी सरकारकडे वारंवार केली. पेशव्यांकडूनही कंपनीच्या मुंबई सरकारच्या अध्यक्षांना पत्रे गेली, एकदा नव्हे, अनेकदा. अखेर २८ जुलै १७७९ रोजी ठराव झाला आणि ९ ऑगस्टला सोनार ज्ञातीच्या प्रमुखाला लेखी हुकूम गेला: ज्ञातीतल्या कोणीही नमस्कार करायचा नाही, आणि हुकूम कसोशीने पाळला जाईल हे त्याने पाहायचे. जरा तारीख बघा. त्याच वर्षी जानेवारीत वडगावला मुंबईकर इंग्रजांची फौज पुणे दरबारापुढे शरण आली होती. तिथला तह कंपनीने नंतर झिडकारला, लढाई १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालूच राहिली. मुलुखावरून एकमेकांच्या उरावर बसलेल्या दोन सत्तांचे सोनाराने हात कसे जोडावेत यावर मात्र एकमत झाले! धर्मरक्षण म्हणून या हुकमाचे समर्थन करता येईलही, पण कागद वाचताना दिसतो तो निव्वळ दर्जाचा हट्ट.

पुढे पेशवाई गेली, छापखाने आले, टपाल आले आणि मायना आखूड झाला. वडीलधाऱ्यांना ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’, त्यातला ‘स’ सप्रेमचा. जातीची पायरी जाऊन वयाची आली. लग्नपत्रिकेत ही अक्षरे अजून भेटतात. नको असलेल्या माणसाला कोपरापासून नमस्कार करायची सोयही याच शब्दाने करून दिली.

जोहाराची गोष्ट वेगळी. ज्यांच्यावर तो लादला होता त्यांनीच विसाव्या शतकात तो टाकला, आणि त्याच्या जागी नमस्कार उसना न घेता ‘जय भीम’ म्हणायला सुरुवात केली.