केअरर्स अलाउन्स की केअरर एलिमेंट? आजारी जोडीदाराच्या घरातला हिशेब

समजा, लेस्टर किंवा स्लावमधल्या एखाद्या घरात नवऱ्याला पक्षाघात होतो. यथावकाश त्याला पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे आजारपण किंवा अपंगत्वासाठी मिळणारा सरकारी भत्ता) मंजूर होतं आणि मग बायकोला कोणीतरी सांगतं, 'तूसुद्धा केअररचे पैसे घे.' सल्ला बरोबर आहे. पण ब्रिटनमध्ये हे पैसे दोन दारांतून येतात. एक केअरर्स अलाउन्स, दुसरा युनिव्हर्सल क्रेडिटमधला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीतला, केअरर एलिमेंट. नावं सारखी आणि मूळ अटीही सारख्या: आठवड्याला किमान ३५ तास त्या माणसाचं करायचं, आणि त्याला पिपमधला 'डेली लिव्हिंग'चा भाग मिळत असला पाहिजे. नुसता मोबिलिटीचा भाग असेल तर दोन्ही दारं बंद. साम्य इथंच संपतं. अलाउन्स हा बायकोचा एकटीचा हक्क आहे, तर एलिमेंट म्हणजे नवरा-बायकोच्या एकत्र अर्जातली एक ओळ. पुढची बहुतेक गुंतागुंत या फरकातूनच येते.

(भारतात नोकरी केलेल्यांना हे नवीन वाटेल. ईएसआयसीत आजारी कामगाराला पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, पण घरी त्याचं करणाऱ्या बायकोसाठी तिथे रकानाच नाही.)

खालचे आकडे २०२५-२६ सालचे आणि इंग्लंड-वेल्सचे आहेत. दर एप्रिलला ते बदलतात. स्कॉटलंडमध्ये पिपच्या जागी अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आणि केअरर्स अलाउन्सच्या जागी केअरर सपोर्ट पेमेंट आहे.

केअरर्स अलाउन्स आठवड्याला ८३.३० पौंड. नवऱ्याचा पगार किती, बँकेत शिल्लक किती, हे कोणी विचारत नाही. विचारतात ते फक्त बायकोच्या कमाईचं. कर, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) आणि पेन्शनच्या वर्गणीचा अर्धा भाग वजा करून तिची कमाई आठवड्याला १९६ पौंडांच्या आत हवी. ही मर्यादा म्हणजे कडाच आहे. एक पौंड वर गेला तर त्या आठवड्याचे सगळे ८३.३० जातात. ख्रिसमसच्या आधी दुकानात दोन शिफ्ट जास्त केल्या आणि कळवायचं राहिलं, तर पुढे वसुलीचं पत्र येतं. माझ्या मते या योजनेतला हा सर्वांत वाईट नियम आहे, कारण तो नेमका थोडंफार काम करू पाहणाऱ्यांनाच पकडतो. शिवाय ही रक्कम करपात्र आहे.

केअरर एलिमेंट महिन्याला २०१.६८ पौंड. त्याला कमाईची कडा नाही. बायको आठवड्याला २५० पौंड कमावत असली आणि तरी ३५ तास नवऱ्याचं करत असली, तर अलाउन्स शून्य, पण एलिमेंट मिळतो. मात्र युनिव्हर्सल क्रेडिट पूर्ण घराकडे बघतं. दोघांची मिळून शिल्लक १६,००० पौंडांच्या वर असेल तर काहीच मिळत नाही, आणि ६,००० च्या वर कपात सुरू होते. पुण्यातला किंवा ठाण्यातला फ्लॅटही यात मोजला जातो, हे आपल्या लोकांना उशिरा कळतं. तिथल्या बाजारभावाने त्याची किंमत धरतात. फ्लॅटमध्ये पेन्शनच्या वयाची आई राहत असेल तर तो हिशेबातून वगळता येतो, रिकामा किंवा भाड्याने दिलेला असेल तर सहसा नाही.

दोन्ही एकदम घेता येतात का? येतात, पण त्याने घरात जास्त पैसे येतातच असं नाही. घरभाड्याचा भाग बाजूला ठेवून आकडेमोड करू. पंचविशीच्या पुढच्या जोडप्याची मूळ रक्कम महिन्याला ६२८.१०. नवरा आजारपणामुळे कामाची तयारीसुद्धा करू शकत नाही असं ठरलं, की त्याचा हेल्थ एलिमेंट ४२३.२७. यालाच कागदोपत्री एलसीडब्ल्यूआरए म्हणतात. त्यात बायकोचा केअरर एलिमेंट २०१.६८ मिळवला की एकूण १,२५३.०५. आता बायकोने अलाउन्सही घेतला. तो महिन्याच्या हिशेबात सुमारे ३६०.९७ होतो, आणि युनिव्हर्सल क्रेडिट तो उत्पन्न म्हणून पूर्णच्या पूर्ण वजा करतं. क्रेडिट उरलं ८९२.०८, अलाउन्स ३६०.९७, बेरीज पुन्हा १,२५३.०५. नवऱ्याचं पिप मात्र या वजाबाकीत येत नाही, ते वेगळं आणि करमुक्त मिळतं.

मग अलाउन्सचा उपयोग काय? जिथे युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही तिथे तो खरा कामाचा. उदाहरणार्थ, शिल्लक जास्त असली, किंवा पिप घेणारा नवरा अजून चांगल्या पगारावर नोकरी करत असला. अशा घरात 'आपल्याला काही मिळणार नाही' असं धरून बायका वर्षानुवर्षं अर्जच करत नाहीत, आणि अलाउन्सबरोबर मिळणारी नॅशनल इन्शुरन्सची क्रेडिटंही, म्हणजे वर्गणी न भरता जमा होणारी वर्षंही, घालवतात. पुढे स्टेट पेन्शनच्या वेळी ती वर्षं कमी पडतात.

आता बायकोही आजारी पडली तर? इथे नियम नीट वाचायला हवा. एकाच माणसाला स्वतःपुरते हेल्थ आणि केअरर असे दोन्ही एलिमेंट मिळत नाहीत. आणि जोडप्यातले दोघेही कामाला असमर्थ ठरले, तरी हेल्थ एलिमेंट एकच. यावरून पुष्कळ जण समजतात, की बायको असमर्थ ठरली म्हणजे तिचा केअररचा भाग गेला. तसं नाही. हेल्थ एलिमेंट नवऱ्याच्या नावावर धरला जात असेल, तर बायको स्वतः असमर्थ असूनही तिच्या नावावर केअरर एलिमेंट राहू शकतो. म्हणजे घरात एक हेल्थ आणि एक केअरर. दोघांपैकी कोणीच असमर्थ ठरलेलं नसेल पण दोघांनाही डेली लिव्हिंगचं पिप असेल आणि दोघं एकमेकांचं करत असतील, तर दोन केअरर एलिमेंटही मिळू शकतात. एकमेकांसाठी अर्ज करता येतो, हे ऐकून लोक हसतात, पण नियमात ते बसतं.

बसत नाही ते वेगळंच: एका आजारी माणसामागे केअररचे पैसे एकालाच. मुलीने वडिलांसाठी आधीच अलाउन्स घेतलं असेल, तर आईला त्याच माणसासाठी अलाउन्सही नाही आणि एलिमेंटही नाही. कोणी घ्यायचं ते घरात आधी ठरवावं.

न्यू स्टाइल ईएसए या आजारपणाच्या भत्त्याचंही इथेच सांगतो. नॅशनल इन्शुरन्स भरलेल्या आजारी माणसाला ते मिळतं, सपोर्ट ग्रूपमध्ये, म्हणजे कामाची तयारीसुद्धा जमणार नाही असं ठरलेल्यांच्या गटात, आठवड्याला १४०.५५ पौंड. ते केअरर्स अलाउन्सच्या जातीचंच असल्यामुळे एकाच व्यक्तीला दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. जास्त असेल ते हातात पडतं. पण एक नवऱ्याला आणि दुसरं बायकोला, याला हरकत नाही.

पेन्शनच्या वयात कागदावरचा हक्क आणि हातात पडलेली रक्कम यांतला फरक महत्त्वाचा होतो. स्टेट पेन्शन मोठी असली की अलाउन्स देत नाहीत, नुसता 'हक्क आहे' असं पत्र येतं. ते पत्र फेकू नये. त्याच्या आधारे पेन्शन क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांच्या भत्त्यात, आठवड्याला ४६.४० पौंड वाढतात.

व्हिसाचा प्रश्न मात्र सगळ्यांच्या आधीचा. पासपोर्टवर किंवा ई-व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) असा शेरा असेल, तर पिप, केअरर्स अलाउन्स आणि युनिव्हर्सल क्रेडिट तिन्ही बंद. नोकरीतला स्टॅच्युटरी सिक पे (आजारपणात मालकाने द्यायचा किमान पगार) आणि न्यू स्टाइल ईएसए त्या यादीत नाहीत, कारण ते पब्लिक फंड धरले जात नाहीत. नवरा ब्रिटिश आणि बायको अशा व्हिसावर असेल, तर त्याचा अर्ज एकट्याच्या दराने होतो, तिचं उत्पन्न आणि शिल्लक मात्र मोजतात, आणि तिच्या नावाचा केअरर एलिमेंट येत नाही.

एप्रिल २०२६ पासून नव्याने येणाऱ्या बहुतेकांसाठी हेल्थ एलिमेंट जवळपास निम्मा केला आहे. आधीपासून घेणारे आणि फार गंभीर आजाराचे लोक त्यातून वगळले आहेत.

शेवटचा धोका पिपच्या फेरतपासणीचा. डेली लिव्हिंगचा भाग काढला गेला, की बायकोचा अलाउन्स आणि एलिमेंट दोन्ही थांबतात. नवऱ्याचा हेल्थ एलिमेंट मात्र आपोआप थांबत नाही, त्याची चाचणी वेगळी असते. पिपच्या निर्णयावर फेरविचार महिन्याच्या आत मागायचा. अपिलात तो भाग परत मिळाला, तर निकालापासून तीन महिन्यांच्या आत बायकोने केअरर्स अलाउन्सचा नवा अर्ज टाकायचा, म्हणजे मधल्या काळाचे पैसेही मागता येतात.